वाढता अँजायना आणि आखडता वावर

अँजायना वाढला की छातीतले दुखणे वाढते, असे आपण धरून चालतो. पन्नाशी-साठीच्या माणसाबाबत ते बहुतेक वेळा खरेही असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाबाबत मात्र हा हिशेब चुकतो. त्याचे दुखणे वाढत नाही, वावर आखडतो. कारापूर तिस्कावर रोज सकाळी पेपर आणायला जाणारे बाबा एक दिवस पेपर घरी टाकायला सांगतात. डिचोलीचा बुधवारचा बाजार सुटतो. विठ्ठलापूरच्या देवळात जातात, पण वाळवंटीच्या पायऱ्या उतरत नाहीत. उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात ना. मुलाने विचारले तर उत्तर ठरलेले: ‘‘कांय ना रे, मातसो गॅस जाला.’’ महिन्याला एकदा डॉक्टर विचारतात, छातीत दुखते का? ते म्हणतात, नाही. हे उत्तर खोटे नसते. जेवढे चालल्यावर दुखायचे तेवढे ते आता चालतच नाहीत. डॉक्टर जुनीच चिठ्ठी पुढे चालू ठेवतात आणि घरचे म्हणतात, आजार आटोक्यात आहे.

गोव्यात हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरच्या लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, गोव्यात ते ११ टक्क्यांच्या वर गेले होते. त्यात मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा आखातात, सून पणजीला नोकरीला, आणि घरी दोघे म्हातारे, अशी घरे डिचोली तालुक्यात वाड्यावाड्यावर आहेत. तेव्हा वावर आखडलेला ओळखायचा कोणी आणि ओळखल्यावर करायचे काय, हा वैद्यकाइतकाच घरच्या व्यवस्थेचाही विषय आहे.

दुखते ते का

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे या आजाराचे वर्णन वाचले. ते १७७२ मध्ये छापून आले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्यावर, छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबले की जाते, हा त्यातला गाभा आजही तसाच लागू पडतो. हृदयाच्या स्नायूची एक अडचण आहे. शरीराचे इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतात. गरज वाढली की अधिक उचलतात. हृदयाचा स्नायू बसल्या जागीच रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतो. श्रम वाढले की त्याला अधिक प्राणवायू हवा असतो, आणि तो मिळवायचा एकच मार्ग उरतो: अधिक रक्त. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचा व्यास सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद झाला की बसल्या जागी भागते, चढावर भागत नाही. हा झाला स्थिर अँजायना.

म्हातारपणी यात दोन गोष्टींची भर पडते. एक, हृदयातून निघणारी महारोहिणी कडक होते. ती लवचिक असते तेव्हा हृदय आकुंचन पावताना फुगते आणि हृदय सैल पडताना आपल्या ताणाने रक्त पुढे ढकलते. हृदयाच्या रोहिण्या भरतात त्या याच सैल पडण्याच्या काळात. महारोहिणी कडक झाली की रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि नेमका त्याचा स्वतःचा पुरवठा घटतो. म्हणूनच ऐंशीच्या माणसाचा १७०/६० हा दाब औषधांनी घाईघाईने १२०/४५ वर आणला तर आकडा सुधारतो आणि अँजायना बिघडतो. दुसरी गोष्ट नाडीची. नाडी वाढली की हृदयाचा सैल पडण्याचा काळ आधी घटतो. शंभराच्या वर गेलेली नाडी म्हणजे गरज जास्त आणि रक्त भरायला वेळ कमी.

शिवाय दुखण्याची जाणीवच बोथट होते. मधुमेह असेल तर आणखी. मग अँजायना धाप होऊन येतो, गळून गेल्यासारखे वाटते, घाम सुटतो, जबडा किंवा डावा खांदा दुखतो, पोटाच्या वरच्या भागात कोंदल्यासारखे होते. बायकांमध्ये हे अधिक आढळते, आणि आईची धाप ‘वय झाले’ या खात्यात जमा होते. ‘गॅस’ या निदानावर माझा राग आहे तो यासाठी. गॅस चालल्यावर येऊन थांबल्यावर जात नाही. जो त्रास श्रमाने सुरू होतो आणि विश्रांतीने काही मिनिटांत थांबतो, तो पोटात जाणवला तरी हृदयाचाच आहे असे मानून तपासणी करावी.

वावर मोजायचा कसा

ल्युसियन कांपो या कॅनडातील हृदयतज्ज्ञाने १९७६ मध्ये अँजायनाच्या चार पायऱ्या ठरवल्या. कोणत्या श्रमाने त्रास होतो एवढाच त्यातला प्रश्न. पहिल्या पायरीवर नेहमीच्या कामाने काही होत नाही, फक्त जोराच्या किंवा फार लांबलेल्या श्रमाने होते. दुसरीवर भरभर चालणे, चढ, जेवणानंतरचे चालणे यांनी त्रास होतो. तिसरीवर सपाटीवर शे-दोनशे पावले किंवा एक जिना म्हणजे थांबणे आले. चौथीवर अंघोळ, कपडे बदलणे, कधी नुसते बसणेही पुरते.

कांपोच्या मूळ मोजणीत शहरातले चौक आहेत. कारापुरात चौक मोजून कोणी चालत नाही, म्हणून घराच्या भोवतीच्या खुणा घ्याव्यात: न्हाणी, तुळस, गेट, शेजारच्या घराचा चढ, तिस्क, देऊळ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत तीन गोष्टी लिहिल्या की पुरे: आज कुठवर गेले, वाटेत कितीदा थांबले, जिभेखालची गोळी किती वेळा लागली. ‘आज गेले नाहीत’ हेही लिहायचे, आणि का गेले नाहीत तेही. पाऊस होता की नको वाटले? आषाढात कोणीच बाहेर पडत नाही. पण गणपतीच्या दिवसांत ऊन पडल्यावरही माणूस पडवीच्या सोप्यावरच बसून राहिला तर ते पावसाचे कारण संपलेले असते. दुबईतल्या मुलाने फोनवर ‘‘बाबा, बरे आहात ना?’’ असे विचारू नये. ‘‘काल कुठवर गेला होता? सोबत कोण होते?’’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला म्हातारा माणूस मुलाची काळजी वाचवणारे उत्तर देतो. दुसऱ्याला खरे उत्तर द्यावे लागते.

डॉक्टरांसमोर हे कॅलेंडर मागच्या महिन्यांच्या पानांसकट न्यावे. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर उतरायला सहा महिने लागले की सहा आठवडे, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो, आणि ओपीडीतल्या पाच मिनिटांत हे आठवणीतून निघत नाही.

कॅलेंडर बाजूला ठेवून गाडी बोलावायची कधी

वाढत्या अँजायनाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत हीच सर्वात धोक्याची. एकात रोहिणी हळूहळू अरुंद होत जाते. दुसऱ्यात रोहिणीच्या भिंतीवरचा चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरू लागते. वाट पूर्ण बंद झालेली नसते, पण तासाभरात होऊ शकते. हा अस्थिर अँजायना. यूजीन ब्रॉनवाल्ड यांनी १९८९ मध्ये केलेली त्याची मांडणी अजून उपयोगाची आहे: गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला आणि जोराचा; अगोदरचा, पण आता लवकर, वारंवार आणि अधिक वेळ येणारा; आणि बसल्या-झोपल्या जागी येणारा. शेवटच्या प्रकारात, त्यातही गेल्या दोन दिवसांत तो आला असेल तर, उद्या सकाळी बघू हा पर्याय उरत नाही.

त्रास सुरू झाला की माणसाला बसवावे. उभ्याने गोळी देऊ नये. गोळीतल्या नायट्रेटने दाब उतरतो आणि म्हातारा माणूस पडतो. न्हाणीत त्रास झाला तर आधी बाहेर आणून बसवावे, कारण तिथली जमीन ओली असते. सॉर्बिट्रेट पाच मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत उतार नसेल, किंवा दुखणे वाढत असेल, तर १०८ ला फोन. मग गाडी येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी दोन गोळ्या देता येतात, पण चक्कर येत असेल किंवा वरचा दाब नव्वदच्या आसपास असेल तर देऊ नयेत. लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतली असेल तर नायट्रेट मुळीच द्यायचे नाही: सिल्डेनाफिलनंतर चोवीस तास, टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस. प्रोस्टेटसाठीही टाडालाफिल दिले जाते, म्हणून हा प्रश्न लाजेपोटी टाळण्याजोगा नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल तर तीनशे मिलिग्रॅमच्या आसपासचे साधे ॲस्पिरिन चावून खायला द्यावे. आतड्यात विरघळणारी लेप दिलेली गोळी असेल तर तीही चावूनच; अख्खी गिळली तर काम करायला वेळ लावते.

कारापुरातून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले गोमेकॉ, तीस किलोमीटरच्या वर आहे. आमोणे पुलावरून खांडोळा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे अशी एक वाट, अस्नोडा-म्हापसा-पर्वरी अशी दुसरी. कोणतीही धरली तरी पाऊण-एक तास जातो. म्हणून आधी साखळीच्या किंवा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी होणे महत्त्वाचे. गोव्यात ‘स्टेमी गोवा’ हा प्रकल्प याच विचारावर उभा आहे: गावाजवळच्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो दुरून तज्ज्ञाने वाचायचा, रोहिणी पूर्ण बंद पडल्याचे दिसले तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्यायचे आणि मग रुग्ण गोमेकॉला न्यायचा. शेजारचा कोणी या इंजेक्शनाने वाचला हे घरच्यांनी पाहिलेले असते. मग आपल्या माणसाला ते मिळाले नाही की गोंधळ होतो, कधी भांडणही. इथे समजून घ्यायचे ते असे की हे इंजेक्शन पूर्ण बंद पडलेल्या रोहिणीसाठी आहे. अस्थिर अँजायनात त्याचा उपयोग होत नाही, मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र पदरी येतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिमी-३बी या चाचणीने हे दाखवले. अस्थिर अँजायनाला हेपारिनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे, ॲस्पिरिनचा मोठा डोस, आणि पुढचे तपासायला रुग्णालय लागते.

पहिला ईसीजी सरळ आला म्हणून घरी परतू नये. अस्थिर अँजायनात तो पूर्ण सरळ असू शकतो. ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा केल्याशिवाय हृदयाचा स्नायू दुखावला आहे की नाही याचे उत्तर मिळत नाही.

रोहिणी तीच, मग बिघडले काय?

हळूहळू वाढलेल्या अँजायनात बहुतेकांचे लक्ष रोहिणीकडे जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. रोहिणी वर्षापूर्वीही तेवढीच अरुंद होती. मग आताच का? पुष्कळदा उत्तर हृदयाच्या बाहेर सापडते.

रक्तक्षय हे त्यातले सर्वात दुर्लक्षिलेले उत्तर. हिमोग्लोबिन तेरावरून नऊवर आले की प्रत्येक थेंबातला प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात घटतो, आणि जे हृदय आधीच सत्तर टक्के काढून घेत होते त्याच्याकडे शिल्लक काही राहत नाही. हिमोग्लोबिन का उतरले? ॲस्पिरिन वर्षानुवर्षे चालू असते, त्यावर कोणीतरी क्लोपिडोग्रेल जोडलेले असते, गुडघ्यांसाठी फार्मसीतून आणलेली दुखण्याची गोळी असते, आणि पोटातून थेंबथेंब रक्त जात असते. शौच काळे होते का हे विचारणे अवघड वाटते, पण त्या एका प्रश्नाने कधी अँजिओग्राफी वाचते. दुखण्याच्या गोळ्यांचा गुन्हा तिहेरी आहे. पोटातून रक्त काढतात, शरीरात मीठ-पाणी साठवून दाब चढवतात, आणि त्यातली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटपर्यंत पोचूच देत नाही. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेल्या माणसाला या गोळ्यांची सवय लागते. त्याने अँजायना वाढल्याची तक्रार केली तर आधी गोळ्यांचा डबा उघडून बघावा.

ताप, थायरॉइडचा जोर, नाडी अनियमित आणि वेगाने धावणे, फुप्फुसाचा जुना आजार चाळवणे, मे महिन्याच्या उकाड्यात शरीरातले पाणी कमी होणे, हीही कारणे आहेत. त्यांवर फार लिहायला नको. साधी तपासणी ती पकडते. खाणपट्ट्यात आयुष्य गेलेल्या माणसाची धाप फुप्फुसाची आहे की हृदयाची हे मात्र अंदाजाने ठरवू नये. दोन्ही असू शकते, आणि दम्यासाठीचा वरचेवर घेतलेला पंप नाडी वाढवून अँजायना चाळवतो.

महारोहिणीच्या झडपेचा प्रश्न वेगळा काढावा लागेल. सत्तरीनंतर ही झडप चुन्याने कडक होऊन तिचे तोंड लहान होते. अँजायना, श्रमाने चक्कर किंवा शुद्ध हरपणे, आणि धाप, ही तिची तीन लक्षणे. अशा माणसाला सॉर्बिट्रेट दिल्यावर तो कोसळू शकतो, कारण रक्तदाब उतरला तरी अरुंद तोंडातून रक्त अधिक येऊ शकत नाही. गोळी घेतल्यावर बाबांना डोळ्यांपुढे अंधारी येते असे कोणी सांगितले तर स्टेथोस्कोप छातीच्या वरच्या बाजूला नीट लावून ऐकणारा डॉक्टर आणि एक इकोकार्डिओग्राम, एवढ्याने कोडे सुटते.

खाण्यात मीठ हा इकडचा घरगुती प्रश्न. पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी मिठात मुरवून ठेवलेली तोरां (कैऱ्या), खारा बांगडा, पेजेबरोबरचे लोणचे: पावसाळ्यात भाजी-मासळी कमी मिळते तेव्हा हेच ताटात वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये दाब चढतो, पायांवर सूज येते, आणि औषध ‘लागू पडत नाही’. औषध लागू पडत असते. ताटातले मीठ त्याच्यावर मात करत असते. पेज बंद करायची गरज नाही. बरोबरची तोरां बदलायला हवीत.

औषधांचा हिशेब

नायट्रोग्लिसरीन हे डायनामाइटमधले द्रव्य. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते अँजायनासाठी वापरून दाखवले, आणि डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाच अखेरच्या काळात हृदयाच्या दुखण्यासाठी ते घ्यायला सांगितले गेले. यापेक्षा कारखान्यांतल्या कामगारांची हकिकत अधिक शिकवणारी आहे. नायट्रोग्लिसरीनच्या सहवासात काम करणाऱ्यांना सोमवारी डोके ठणकायचे, आठवडा सरता सरता ठणका जायचा, आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी पुन्हा सुरू व्हायचा. शरीर औषधाला सरावत होते आणि दोन दिवसांत सराव मोडत होता. आज त्याच जातीच्या मोनोनायट्रेटची गोळी सकाळी आणि रात्री अशी बारा-बारा तासांनी घेणाऱ्या म्हाताऱ्याचे तेच होते: चोवीस तास औषध अंगात, म्हणून औषधाचा गुण नाहीसा. साध्या मोनोनायट्रेटचा दुसरा डोस दुपारी दोन-तीनपर्यंत घ्यायचा आणि रात्रीचे दहा-बारा तास शरीर रिकामे ठेवायचे, हा नियम. चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिले असेल तर तेवढे एकदा विचारून घ्यावे.

बीटा ब्लॉकर नाडी उतरवतो. तो अँजायनाचा पाया. पण त्याच्या जोडीला डिल्टियाझेम किंवा वेरापामिल आले तर म्हाताऱ्या हृदयाची नाडी चाळिशीवर येऊन माणूस पडू शकतो. आणि बीटा ब्लॉकर एकदम बंद करू नये. गोळ्या संपल्या, चतुर्थीच्या सुट्टीत दुकान बंद, दोन-तीन दिवस गेले, आणि अँजायना उसळून आला, हे टाळता येण्याजोगे आहे.

म्हातारपणी दोन औषधांकडे विशेष डोळा ठेवावा. ट्रायमेटाझिडीन आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. त्याने हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा कोरा होणे, अशी पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात. युरोपीय औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये त्याचा वापर यामुळेच मर्यादित केला. हात थरथरू लागलेल्या वडिलांना पार्किन्सनची गोळी सुरू करण्याआधी हे तपासावे. दुसरे निकोरँडिल. त्याने तोंडात किंवा गुदद्वारापाशी न भरणारी जखम होऊ शकते. ती औषध थांबवल्यावरच भरते. अम्लोडिपिनने पाय सुजतात हे ठाऊक नसले की सुजेवर लघवीची गोळी येते, त्याने क्षार बिघडतात, चक्कर येते, चक्करेवर तिसरी गोळी. एका गोळीच्या दुष्परिणामाला आजार समजून दुसरी गोळी चालू होते, आणि वर्षभरात डब्यात बारा गोळ्या होतात. खासगी डॉक्टर, गोमेकॉची ओपीडी आणि मुंबईतल्या भाच्याने दाखवलेले तज्ज्ञ, या तिघांच्या चिठ्ठ्यांत एकच औषध तीन ब्रँडनावांनी असते. सहा महिन्यांतून एकदा सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एकाच डॉक्टरसमोर टेबलावर ओताव्यात.

रोहिणी उघडावी की नाही

‘ब्लॉकेज आहे, उघडायलाच हवे’ हे वाक्य जितके सरळ वाटते तितके ते खरे नाही. स्थिर अँजायनात २००७ ची करेज आणि २०२० ची इस्कीमिया, या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले की औषधे नीट चालू असताना स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका कमी होत नाही. पण दुखणे कमी होते. म्हणजे प्रश्न आयुष्य वाढवण्याचा नाही, वावराचा आहे; आणि म्हातारपणी वावर हीच मोठी गोष्ट असते.

नेमका याच वयाचा प्रश्न स्वित्झर्लंडमधल्या टाइम चाचणीने घेतला, २००१ मध्ये. पंचाहत्तरीवरचे ३०५ रुग्ण, किमान दोन औषधे घेऊनही अँजायना. काहींना अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट वा बायपास, काहींची फक्त औषधे वाढवली. सहा महिन्यांत मृत्यू, झटका किंवा अँजायनासाठी पुन्हा रुग्णालयात जाणे यांपैकी काहीतरी औषधांच्या गटातल्या ४९ टक्के लोकांच्या वाट्याला आले, दुसऱ्या गटात १९ टक्के. हा फरक मुख्यतः पुन्हा रुग्णालयात जावे लागण्यातला होता, मृत्यूतला नाही. वर्षअखेरीस जगण्याच्या गुणवत्तेतला फरकही पुसट झाला, कारण औषधांच्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांना वाटेतच अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली होती.

अस्थिर अँजायना आणि लहान झटका यांत वाद अधिक आहे. नॉर्वेमधल्या आफ्टर एटी चाचणीत (२०१६) ऐंशीवरच्या ४५७ रुग्णांत अँजिओग्राफीचा स्पष्ट फायदा दिसला. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सिनियर-रिटा चाचणीत पंचाहत्तरीवरचे १,५१८ रुग्ण होते, त्यांत दुबळे आणि विसरभोळेही घेतले होते. तिथे हृदयमृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, २५.६ आणि २६.३ टक्के. जीवघेणा नसलेला पुढचा झटका मात्र अँजिओग्राफीच्या गटात कमी. या आकड्यांवरून मी काढतो तो निष्कर्ष असा की वय हे अँजिओग्राफी नाकारायचे कारण नाही आणि ब्लॉकेज हे ती करायचे पुरेसे कारण नाही. औषधे पुरेशा डोसात घेऊनही तुळशीपर्यंत जाता येत नसेल, मूत्रपिंड बरे असेल, वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या पोटाला सोसतील, आणि माणसाला स्वतःला पुन्हा हिंडायचे असेल, तर करावी. अंथरुणाला खिळलेल्या, क्रिएटिनिन तीनवर असलेल्या, घरचे ओळखत नसलेल्या माणसाला त्या टेबलावर नेण्यात मुलांचे समाधान असते. त्याचे त्यात काही नसते.

खर्चाचे थोडक्यात. गोमेकॉमध्ये हृदयरोग विभाग आहे, अँजिओप्लास्टी होते. २०१६ पासूनच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. किमान पाच वर्षे गोव्यात राहत असलेल्यांना ती लागू होते. कार्डाचे नूतनीकरण राहून गेले आहे हे बहुधा रुग्ण दाखल झाल्यावर कळते. ते आज बघावे.

राहिला बोलण्याचा विषय. वाढत्या अँजायनाच्या घरात कधीतरी रात्री कोणालातरी विचारले जाणार आहे, नळी घालायची का, व्हेंटिलेटरवर ठेवायचे का. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र गोव्यात नोंदवले. अशा इच्छापत्रात व्हेंटिलेटर नको म्हटले म्हणजे उपचार नको म्हटले असे होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर कागद पाहून भाऊ-बहिणी एकमेकांवर धावून जातात. जिभेखालची गोळी, प्राणवायू, छातीतल्या दुखण्यावर आणि धापेवर मॉर्फिन, पाय हलके करणारी लघवीची औषधे, हे सगळे शेवटपर्यंत चालू राहते; फक्त ज्या उपायाने जागे होण्याची आशा नाही तो लावला जात नाही. ही ओळ इच्छापत्रात साध्या मराठीत लिहून घ्यावी आणि त्याची एक प्रत १०८ वाल्यांना दाखवण्याच्या फायलीत, शेवटच्या ईसीजीच्या मागे, लावून ठेवावी.